कंटाळा: भावना की मनाची अवस्था?

'मला या धड्याचा कंटाळा आला' आणि 'आज नुसता कंटाळा आलाय' ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलून जातो. पहिल्या वाक्यातला कंटाळा कशाचा तरी आहे. राग कुणाचा तरी येतो, तसा. दुसऱ्यातला कशाचाच नाही. तो मळभ दाटावे तसा दिवसभर मनावर पसरलेला असतो. मग कंटाळ्याला भावना म्हणायचे की मनाची अवस्था?

भावनांच्या याद्या पाहून उत्तर मिळत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ स्थायी भावांत क्रोध, भय, जुगुप्सा आहेत, कंटाळा नाही. (तेहतीस व्यभिचारी भावांतले 'आलस्य' त्याच्या शेजारचे. पण आळशाला काही करायचेच नसते. कंटाळलेल्याला करायचे असते!) पॉल एकमन यांच्या सहा मूलभूत भावनांतही तो नाही. रॉबर्ट प्लुचिक यांच्या १९८० सालच्या भावनाचक्रात मात्र त्याला जागा मिळाली, तीही किळसेचे सौम्य रूप म्हणून.

तेव्हा याद्या बाजूला ठेवून शरीराकडे पाहू. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील मेरिफील्ड व डँकर्ट यांनी काही जणांना निरनिराळ्या चित्रफिती दाखवल्या. कंटाळा आणणाऱ्या फितीत दोन माणसे कपडे वाळत घालत होती, बस्स. २०१४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष असे: दुःखद फितीच्या तुलनेत ही फीत पाहताना हृदयाचे ठोके वाढत गेले आणि कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरकही जास्त आढळले. त्वचेची विद्युतवाहकता मात्र घटली. ही वाहकता घामाच्या ग्रंथींवर अवलंबून असते आणि लक्ष गुंतले की सहसा वाढते. म्हणजे शरीर अस्वस्थ, पण लक्ष सुटलेले. कंटाळा म्हणजे नुसती मरगळ नव्हे, एवढे यावरून नक्की दिसते.

ही अस्वस्थता किती बोचते? व्हर्जिनिया विद्यापीठातील टिमोथी विल्सन व सहकाऱ्यांनी २०१४ सालीच एक प्रयोग प्रसिद्ध केला. रिकाम्या खोलीत १५ मिनिटे एकट्याने विचार करत बसायचे. हाताशी एक बटण. ते दाबले की विजेचा सौम्य झटका. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसेही मोजू, असे या मंडळींनी आधी सांगितले होते. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी निदान एकदा तो स्वतःहून घेतला.

टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठातील जॉन ईस्टवुड व सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याचे मूळ अवधानात शोधले. मनाजोगत्या कशात तरी गुंतायची इच्छा आहे, पण गुंतता येत नाही, ही कुचंबणा म्हणजे कंटाळा. आम्हाला ही मांडणी पटते, कारण सुरुवातीची दोन्ही वाक्ये तिच्यात सामावतात. अडथळा समोरच्या धड्यात दिसला, तर ती भावना वाटते. कुठेच दिसला नाही, तर अवस्था.

कंटाळलेले मूल हमखास आळशी ठरते; येथे शिक्षकाने जरा थांबायला हवे. राइनहार्ड पेक्रुन यांच्या मांडणीनुसार धडा फार सोपा असला तरी कंटाळा येतो आणि आवाक्याबाहेरचा असला तरीही. गणिताच्या तासाला मागच्या बाकावर दोघे जांभया देत असतील, तर एकाचे उदाहरण दोन मिनिटांत सोडवून झालेले असेल आणि दुसऱ्याचा धागा पहिल्याच पायरीवर सुटलेला असेल. जांभई सारखीच दिसते. वही मात्र उघडून पाहावी लागते.