गोल्फमधले फटके कुठे वाया जातात?

गेल्या पावसाळ्याच्या आधी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या अम्मी शाळेत आल्या. राहणार ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पमध्ये. मुलगा दहावीनंतर चेंबूरला गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम करतो. "सर, लोकांच्या बॅगा उचलतो ते ठीक आहे, पोटासाठी आहे. पण आता म्हणतो, मी स्वतः खेळणार. तुम्ही त्याला समजवा."

आम्हांला गोल्फमधले ओ की ठो कळत नव्हते. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. जनता कॉलनी उठवून १९७६ मध्ये चीता कॅम्प वसला. म्हणजे मैदान वस्तीपेक्षा जवळजवळ पन्नास वर्षांनी जुने. तरी इतक्या वर्षांत आम्ही बसच्या खिडकीतून कधी तिकडे मान वळवून पाहिले नव्हते.

मुलाला बोलावले. त्याने अम्मीशी आधीच करार केला होता. हिवाळा संपेपर्यंत ८५ फटक्यांच्या आत फेरी झाली तर खेळायचे, नाहीतर चाचांच्या दुकानात बसायचे. तेव्हा त्याची फेरी ९६ ची होती.

वाचकांसाठी थोडे सांगतो. गोल्फच्या फेरीत १८ होल असतात. प्रत्येक होलला अपेक्षित फटके ठरलेले असतात, त्याला पार म्हणतात. पुष्कळ मोठ्या मैदानांचा पार ७२ च्या आसपास असतो. होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला ग्रीन म्हणतात आणि तिथे बॉल हळूच ढकलतात त्याला पट. पारच्या हिशेबात प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस. ७२ पैकी निम्मे फटके त्या छोट्याशा हिरवळीवरच!

शिक्षकाला दुसरे काय सुचणार? आम्ही त्याला वही दिली. उत्तरपत्रिका तपासताना एकूण मार्कांपेक्षा मार्क कुठे कापले गेले ते पाहतो, तसेच करायचे. प्रत्येक होलला पहिला बॉल कुठे पडला, दंड किती, पट किती, सगळे लिहायचे.

पहिल्या पानाची बेरीज आम्ही दोघांनी बसून केली. हरवलेल्या दोन बॉलचे ४, कारण बॉल हरवला की दंडाचा एक फटका पडतो आणि पुन्हा आधीच्याच जागेवरून मारावे लागते. पाण्यात गेलेल्या एका बॉलचा १. सहा ग्रीनवर दोनऐवजी तीन पट झाले, ते ६. झाडांमध्ये अडकल्यावर फटीतून सरळ झेंड्याकडे मारायच्या हट्टापायी ४. एकूण १५. ९६ मधून १५ गेले तर ८१! स्विंग होता तसाच, स्टिका जुन्याच, फक्त या चुका नसत्या तर.

पोरगा वहीकडे बघतच राहिला. मग हसून म्हणाला, "सर, मोठ्या साहेबांचेही हेच होते. पण ते नवा ड्रायव्हर घेतात." ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याची स्टिक. तिची किंमत त्याने सांगितली तेव्हा आम्हांला आमचा पगार आठवला.

त्यानंतर त्याने केलेले बदल अगदी साधे आहेत. अरुंद होलवर ड्रायव्हर बॅगेतच ठेवायचा आणि लहान स्टिकने बॉल खेळता येईल अशा जागी टाकायचा. झाडांत गेला तर मुकाट्याने आडवा बाहेर काढायचा, एक फटका गेला तर गेला. ग्रीनकडे मारताना झेंड्यावर नेम न धरता ग्रीनच्या मध्यावर धरायचा, आणि स्टिक एक नंबर लांबची घ्यायची, कारण हौशी खेळाडूचा बॉल बहुधा अलीकडेच पडतो. ग्रीनच्या कडेवरून बॉल उंच उडवण्यापेक्षा जमिनीलगत पळवायचा. आणि पट करताना दिशेपेक्षा अंतराचा अंदाज आधी. लांबचा पहिला पट होलपासून हातभर अंतरात थांबला की तिसऱ्याची वेळ सहसा येत नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवले आहे की, चांगल्या आणि साध्या खेळाडूच्या गुणांतला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांत असतो, पटिंगमध्ये नव्हे. हे वाचून आम्ही जरा वरमलो. आमच्या छत्तीसच्या हिशेबावर आम्ही फार खूश होतो ना! पण हरवलेले बॉल आणि झाडांतला हट्ट हेही लांबचेच फटके. लांबचा खेळ सुधारायला वर्षे लागतात, हट्ट सोडायला एक सकाळ पुरते.

वही मात्र खरी हवी. गोल्फमध्ये एरवी प्रत्येकाबरोबर पंच फिरत नाही, आपले फटके आपणच मोजायचे. कॅडी सगळे पाहतो, सहाचे पाच झाले तरी गप्प राहतो. आमच्या विद्यार्थ्यानेही एकदा दोन फटके लिहिले नव्हते. पुढच्या आठवड्यात त्यानेच सांगितले, "सर, त्या पानावरून काही शिकता येत नाही, फाडू का?" आम्ही म्हटले, फाडू नकोस, दुरुस्त कर.

अम्मींना आम्ही अली शेरची गोष्ट सांगितली. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी असलेला हा मुलगा १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. त्याआधी कोणा भारतीय व्यावसायिकाला ते जमले नव्हते. १९९३ मध्ये तो पुन्हा जिंकला. तुमचा मुलगा अली शेर होईल असे आम्ही म्हटले नाही. त्यांनीही विचारले नाही. त्यांनी फक्त विचारले, "त्याच्या घरी कमावणारे आणखी कोणी होते का?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या फेरीला मुलाने फोन केला. ८६. एकही बॉल हरवला नव्हता, झाडांतून दोनदा आडवा निघाला होता. अठराव्या होलवर तीन पट झाले. आवाज अगदी पडलेला.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. अम्मींनी चहा ठेवला आणि वही मागून घेतली. शेवटचे पान बराच वेळ पाहिले. "एकच जास्त आहे," त्या म्हणाल्या. "हे शेवटचे ढकलायचे काम घरात शिकता येते का?"

मुलाने सांगितले, सतरंजी आणि पाण्याचा पेला पुरतो, पण आठ-दहा पावले जागा लागते.

अम्मी उठल्या आणि पेटी भिंतीकडे सरकवायला लागल्या.