इस्फहानची कलमजनी आणि लहान अलंकार

'कलम' म्हटले की मराठी वाचकास लेखणी आठवते. इराणातील इस्फहान नगरीच्या कारागिराची कलम मात्र पोलादाची असते व तिच्या माथ्यावर लहान हातोडीचा ठोका द्यावा लागतो. 'कलमजनी' या फारसी शब्दाचा अर्थच 'कलम मारणे' असा आहे. आपल्याकडील बिदरी कामाशी तिची गल्लत होऊ नये. बिदरीत कोरलेल्या खाचेत चांदी ठोकून बसवितात. कलमजनीत दुसरा धातू भरण्याची गरज नसते. किंबहुना, पुष्कळशा कामात मूळचा धातूही काढून टाकला जात नाही, तो केवळ दबतो अथवा बाजूस सरकतो.

म्हणूनच पत्र्याच्या पाठीस आधार लागतो. आपले सोनार याकरिता राळ वापरतात. इस्फहानात डांबर व गच यांचे मिश्रण तापवून पत्र्यामागे ओततात. ते थिजले म्हणजे ठोक्याखाली पुरेसे नमते, परंतु पत्रा फाटू देत नाही. कागदावरील आकृतीस टाचणीने छिद्रे पाडून त्यांतून कोळशाची पूड झिरपवितात आणि नक्षी धातूवर उतरवितात. मग रेषेसाठी एक कलम, पार्श्वभूमीच्या ठिपक्यांसाठी दुसरी, अशा अनेक कलमा क्रमाने चालतात. ठोक्यांनी धातू कडक होतो. खोल उठाव हवा असल्यास त्यास पुन्हा तापवून मऊ करणे प्राप्त होते.

ही कला प्रामुख्याने तबके, सुरया व फुलदाण्या यांवर पोसली गेली. कंकण, कर्णभूषण, पदक, कमरपट्ट्याचे बक्कल ही क्षेत्रे त्या मानाने तोकडी. तबकावर शिकारीचा देखावा ऐसपैस मावतो. बोटभर रुंदीच्या कंकणावर तोच कोंबला तर घोडा कोणता व हरिण कोणते हेही कळेनासे होते. वळणाऱ्या वेलीची 'इस्लिमी' नक्षी किंवा 'गुल-ओ-मुर्ग', म्हणजे फूल व पक्षी, तेथे अधिक शोभते. शिवाय अलंकार कातडीस व वस्त्रास घासतो. उथळ रेषा लवकर झिजते आणि खोल रेषेसाठी पत्रा जाड, पर्यायाने अलंकार जड होतो. चांगल्या कारागिराची परीक्षा या तडजोडीतच होते.

यंत्राच्या ठशाने काढलेला माल याच नक्षीचा, पण पुष्कळ स्वस्त असतो, आणि दिवसभर एका कंकणावर वाकून बसणाऱ्याची मजुरी त्यामुळेच बुडते. इस्फहानचा २०१५ साली युनेस्कोच्या सर्जनशील नगरांत हस्तकलेसाठी समावेश झाला खरा, परंतु त्या मानाने ग्राहकास खरेखोटे ओळखता येत नाही. इराणी चांदीवर आढळणारा '८४' हा अंकही धातूची शुद्धता सांगतो, हातकामाची ग्वाही देत नाही. भिंगाखाली मात्र फरक दिसतो. ठशाची रेषा सलग व गुळगुळीत असते. कलमेची रेषा म्हणजे एकमेकांस खेटलेल्या बारीक ठोक्यांची रांग. पार्श्वभूमीचे ठिपके कोठे दाट, कोठे विरळ पडलेले असतात आणि जोडीतील दोन कर्णभूषणांवरची पानेही तंतोतंत जुळत नाहीत.