पंधरा पावलांचा पल्ला

धनुष्यबाण म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे लहानपणी कामटी वाकवून केलेले धनुष्य आणि त्याला लावलेली खराट्याची काडी; दुसरी म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातला, सोनेरी कागद डकवलेला रामाचा भाता. पुढे कॉलेजात मराठी शिकवू लागल्यावर माझा धनुष्याशी संबंध उरला तो भुवयांना दिलेल्या उपमेपुरता! त्यामुळे अडुसष्ट वर्षांचे, चष्मा लावणारे, पेन्शनीत निघालेले एक शाळामास्तर खऱ्या रानात खऱ्या धनुष्याने शिकारीला जाण्याची तयारी करताना मी पाहिले, तेव्हा मला प्रथम हसूच आले. ते हसू पुढे दोन महिन्यांत कसे मावळले, तेच सांगायचे आहे.

२०२३ सालच्या जुलैत, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आईला घेऊन मी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात गेलो. फोर्ट कॉलिन्स गावाबाहेर, जिथे सपाटी संपून रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात, तिथे तिचे घर. पहिल्याच दिवशी पहाटे शेजारच्या परसातून ‘ठक्’ असा एकच आवाज आला. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “अरे, हा मनुष्य रोज एकच नारळ फोडतो की काय?” मी कुंपणाशी जाऊन पाहिले. गृहस्थ गवताच्या गठ्ठ्यातून बाण उपटत होते. त्यांनी हात वर करून नमस्कार केला आणि कॉफीला बोलावले. जन्मभर शाळेत सुतारकाम शिकवले, असे कळल्यावर आईने त्यांचे नाव ‘मास्तर’ असे ठेवून दिले.

मास्तरांना जायचे होते एल्कच्या शिकारीला. एल्क हे हरणांच्या कुळातले दांडगे जनावर. आपल्या सांबराचा थोरला भाऊच म्हणा ना! त्याचे दुसरे नाव वापिटी, म्हणजे शॉनी नावाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘पांढऱ्या पुठ्ठ्याचा’. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो. दर वर्षी शिंगे गाळतो आणि दर वर्षी नवी उगवतो. सप्टेंबरात तो माजावर आला म्हणजे डोंगरात त्याची आरोळी घुमते. एवढ्या धिप्पाड देहातून गर्जना निघावी, तर निघते बासरीसारखी उंच शीळ!

आता तिथे बंदूक मिळते. आणि नुसते धनुष्यच हवे असेल तर चाकांचे, तारांचे ‘कंपाउंड’ धनुष्यही मिळते. हॉलिस विल्बर ॲलन या गृहस्थांना १९६९ साली त्याचे पेटंट मिळाले. दोरी पूर्ण ओढली की चाकांच्या युक्तीने तिचा बहुतेक भार उतरतो आणि नेम धरून सावकाश उभे राहता येते. मास्तरांचे धनुष्य मात्र साध्या जातीचे होते: घरी घडवलेले, चाक नाही, नेम धरायला खूण नाही. दोरी ओढायला सत्तेचाळीस पौंड जोर लागे, आणि ओढून धरली की तो सगळा भार शेवटपर्यंत खांद्यावरच राही. पूर्वी ते पंचावन्न पौंडांचे वापरीत. खांदा कुरकुरू लागला तेव्हा त्यांनी स्वतःच नवे, हलके धनुष्य रंधून काढले.

त्यांची मोटार ठेवण्याची खोली म्हणजे सुताराचे दुकानच होते. बाणांच्या काड्या सीडर लाकडाच्या. एकेक काडी टेबलावर लोळवून, डोळ्यापाशी धरून, वाकडी निघाली तर ऊब देऊन बोटांनी सरळ केलेली. मागे टर्कीची तीन पिसे; आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली हवीत, डाव्या-उजव्याची मिसळ चालत नाही, कारण पिसांच्या वळणानेच बाण स्वतःभोवती फिरत सरळ जातो. पुढे दुधारी पाते. ते कानशीने आणि मग दगडावर इतके पाजळायचे की हातावरची लव सहज निघावी. बाण गोळीसारखा धक्क्याने मारीत नाही, कापून मारतो. पाते बोथट म्हणजे जनावराचे हाल. तयार बाणाचे वजन साडेपाचशे ग्रेन, म्हणजे आपले तीन तोळे. असे बाण त्यांनी नऊ केले होते. मी विचारले, “नऊच?” ते म्हणाले, “लागणार एक. बाकीचे आठ माझ्या भित्रेपणासाठी.”

भिंतीवर एक काळा फळा होता आणि त्यावर खडूच्या रेघा. त्याचा अर्थ विचारला, तेव्हा पहाटेच्या एकाच ‘ठक्’चे कोडे सुटले. रानात सराव म्हणून दहा बाण टाकता येत नाहीत. थंडीत आखडलेल्या अंगाने पहिलाच बाण सोडावा लागतो आणि तोच खरा. म्हणून मास्तर रोज उठल्या उठल्या एकच बाण मारीत. निशाण म्हणजे नऊ इंची कागदी थाळी. एल्कच्या काळीज-फुप्फुसांची जागा याहून मोठी असते; पण समोर जनावर आले की छाती धडधडते, हात कापतो, म्हणून थाळी लहान. सलग दहा दिवस बाण थाळीत बसला, तर त्या पल्ल्याला ते लायक. एक जरी चुकला तरी साऱ्या रेघा पुसून पुन्हा पहिल्यापासून. आणि एकाच पल्ल्यावर तीनदा पुसाव्या लागल्या तर निशाणाकडे पाच पावले सरकायचे, रानातही त्याहून लांबून बाण सोडायचा नाही.

“हा कायदा सरकारचा?” मी विचारले.

“नाही. सरकार धनुष्याचा जोर पाहते, पात्याची रुंदी पाहते. किती लांबून मारायचे ते माझ्यावर सोडते.” मग थोडे थांबून म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी ते मी नीट ठरवले नव्हते.”

२०२१ च्या सप्टेंबरात त्यांनी पस्तीस पावलांवरून बाण सोडला होता. बाण सुटता सुटता एल्कने पाऊल पुढे टाकले. फुप्फुसात शिरायचा तो पोटात शिरला. दोन दिवस ते रक्ताचे थेंब शोधीत गुडघ्यांवर हिंडले. माग एका ओढ्यापाशी संपला. जनावर मिळाले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी परवानाच काढला नाही. हे सांगताना त्यांनी एकदाही ‘दुर्दैव’ हा शब्द वापरला नाही, हे माझ्या ध्यानात राहिले.

या जुन्या तऱ्हेच्या शिकारीला अमेरिकेत नवे आयुष्य मिळाले, त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी एक उपाशी मनुष्य रानातून बाहेर आला. गोऱ्यांनी कापून काढलेल्या याही जमातीतला तो शेवटचा. आपले नाव परक्याला सांगायचे नाही ही त्यांची रीत. म्हणून त्याला ‘इशी’, म्हणजे त्याच्या भाषेत नुसता ‘माणूस’, असे म्हणू लागले. विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला. तेथील इस्पितळातले शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांची आणि त्याची मैत्री जमली, आणि डॉक्टर त्याचे शागीर्द बनले. धनुष्य कसे घडवावे, बाण कसा सोडावा, जनावराच्या जवळ कसे जावे, हे सारे इशीने त्यांना शिकवले. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात स्नान करून सुवासिक पाला अंगाला चोळी. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला. पोप यांनी पुढे १९२३ साली धनुष्याच्या शिकारीवर जे पुस्तक लिहिले, ते आजही तिथले धनुर्धारी वाचतात. ज्याच्या लोकांना नाहीसे केले, त्याचीच विद्या पुढे शौकाने जपली गेली, ही गोष्ट मास्तरांनाही बोचत असे. इशीचा फोटो त्यांच्या दुकानात होता. एकलव्याची गोष्ट मी त्यांना सांगितली, तेव्हा ते त्या फोटोकडे पाहत म्हणाले, “इथे अंगठा गुरूचाच गेला.”

ऑगस्टपर्यंत मीही त्यांच्या तयारीत ओढला गेलो. पाठीवर वीस किलो वाळूची थैली बांधून ते टेकडी चढत. मी मोकळ्या पाठीने मागून धापा टाकीत जाई. जायचे होते नऊ-दहा हजार फुटांवर, मोटारीच्या वाटेपासून तीन मैल आत. शिकार मिळाली तर निव्वळ मांसच ऐंशी-नव्वद किलो भरणार. ते तिथेच कापून, कापडी पिशव्यांत घालून, सावलीत टांगून थंड करायचे आणि चार-पाच खेपा करून पाठीवर आणायचे. शिंगे तोडून मांस टाकून येणे तिथे गुन्हा आहे. म्हणून मास्तर म्हणत, “जेवढे खाली आणता येईल, तेवढ्याच दूर जाऊन मारावे.”

खिशात ते एका रानझाडाच्या शेंगेतली म्हातारी ठेवीत. आपल्याकडे रुईच्या बोंडातून उडते ना, तशीच. ती सोडायची आणि वारा कुठे जातो ते पाहायचे. एल्कचे डोळे फसवता येतील, नाक फसवता येत नाही. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली उतरते. ऊन चढले की तापून वर जाऊ लागते. म्हणून सकाळी खालून वर चढायचे आणि उन्हे चढल्यावर वरून खाली यायचे, म्हणजे आपला वास आपल्या मागेच राहतो. दुपारी तिथे विजांचे पाऊस येतात, तेव्हा कड्यावर थांबायचे नाही. अन्न रात्री उंच फांदीला टांगायचे, कारण अस्वले. आणि कोणत्या खोऱ्यात जाणार, कधी परतणार, हे नकाशावर खूण करून घरी ठेवून जायचे. तो नकाशा त्यांनी माझ्या मेहुण्यांकडे दिला.

आईला हे सारे पसंत नव्हते. जन्मात तिने अंड्याला हात लावलेला नाही. पण तिचा प्रश्न वेगळाच होता. नराची शीळ ऐकून मास्तर माग काढतात, असे मी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “विचार त्यांना, आवाजावर बाण सोडतात का?”

मी विचारले. मास्तर दचकलेच. “कधीच नाही. नुसती आकृती दिसूनही नाही. कूस दिसली पाहिजे, आणि मधे काडीही नको.”

मग आईने त्यांना श्रावणबाळाची गोष्ट सांगितली आणि मी तिचे भाषांतर केले. घागरीचा बुडबुड आवाज, दशरथाचा शब्दवेधी बाण, ती किंकाळी. मास्तर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “नंतर राजाने काय केले?”

“पाणी घेऊन त्याच्या आईबापांकडे गेला,” आई म्हणाली, “आणि काय झालं ते खरं खरं सांगितलं.”

मास्तरांनी मान हलवली.

आपल्याकडे शिकारीवर १९७२ च्या कायद्याने बंदी आली, आणि ती यावी अशीच स्थिती होती. तिथेही एके काळी तीच अवस्था होती. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपले होते. १९१३ आणि १९१४ साली यलोस्टोनच्या बाजूने आणून एस्टिस पार्क येथे सोडावे लागले. शिकारीला हंगाम आणि मर्यादा घातल्या. परवान्याचे पैसे आणि १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या बंदुका-गोळ्यांवरच्या कराचे उत्पन्न रानाकडे वळवले. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही त्या करात आले. आज त्या एका राज्यात अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. हे ऐकून आईचे मत बदलले असे नाही. माझेही पूर्णपणे बदललेले नाही. पण ‘हौस म्हणून मारतात’ एवढ्या एका वाक्यात हा विषय मला आता आटोपता येत नाही.

इकडे फळ्यावरच्या रेघांनी आमचे घर गुंतवून ठेवले होते. पंचवीस पावलांवर तीनदा पुसून झाले ते जुलैच्या चोविसाव्या दिवशी. मास्तर पाच पावले पुढे सरकले. वीस पावलांवर एकदा नवव्या दिवशी चुकले, एकदा सहाव्या दिवशी. तिसऱ्या खेपेला नऊ रेघा झाल्या. अठरा ऑगस्टला पहाटे आम्ही सारे कुंपणाशी उभे होतो. बहीणसुद्धा तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. बाण थाळीच्या कडेपासून बोटभर बाहेर बसला.

मेहुणे म्हणाले, “बोटभर तर आहे. चालेल की!”

मास्तरांनी फळा स्वच्छ पुसला. “पंधरावर चुकलो तर या वर्षी धनुष्य भिंतीवर,” एवढेच म्हणाले. हंगाम उघडायला पंधरा दिवस उरले होते. वयाने आणखी पाच पावले मागून घेतली होती आणि ती त्यांनी कुरकुर न करता दिली. अठ्ठावीस ऑगस्टला दहावी रेघ ओढली गेली.

एक सप्टेंबरला ते निघाले. आईने बेसनाच्या लाडवांचा डबा दिला आणि बजावले, “डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत.” तुपाच्या वासाने अस्वले जमतील म्हणून त्यांनी तो घट्ट पिशवीत बांधला.

आठव्या दिवशी संध्याकाळी गाडी आली. मागे मांसाच्या पिशव्या नव्हत्या. नऊच्या नऊ बाण भात्यात होते. कॉफी घेताना त्यांनी सांगितले. सहाव्या दिवशी, सूर्य बुडायच्या सुमारास, मोठा नर झाडीतून बाहेर आला. वारा तोंडावर. कूस पूर्ण समोर. मान झाडाआड, त्यामुळे त्याला ते दिसत नव्हते. मास्तरांनी दोरी अर्धी ओढली आणि थांबले. तो आणखी जवळ येण्याची वाट पाहिली. तो वळला आणि सावकाश निघून गेला. मग त्यांनी जाऊन पावले मोजली. तेवीस भरली.

“आठ कमी पडली,” ते म्हणाले.

“वाईट वाटलं?” आईने विचारले.

“हो, फार. पण रात्री झोप लागली.”

मग उठून त्यांनी डबा आणून दिला. त्यात रानातल्या लाल रासबेरी होत्या, काठोकाठ. वीस सप्टेंबरला आम्ही परतलो. हंगाम अजून दहा दिवस चालू होता. निघायच्या दिवशी पहाटे पाच वाजता बॅगा बांधत असताना शेजारून आवाज आला: ठक्. आईने हात थांबवून ऐकले आणि म्हणाली, “बसला वाटतं थाळीत.”