औषध दिल्याची नोंद

पिंपळे गुरवचा रोगी औंधच्या जिल्हा रुग्णालयातून पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात गेला, तर त्याची हकीकतही मागोमाग जावी, हा संगणकीय नोंदीचा हेतू. सरकारने तिची मानके २०१३ साली ठरविली, २०१६ साली सुधारली. परिचर्येच्या विद्यार्थिनी कळा दाबायला चटकन शिकतात. भय आपल्या पिढीलाच! कठीण आहे ते निराळेच. औषध पोटात गेल्यावरच ‘दिले’ अशी खूण करावयाची. घाईने आधी खूण केली आणि रोग्याने गोळी थुंकून टाकली, तर पुढच्या पाळीची परिचारिका ती दिलीच असे समजते. कागदावर चुकीवर रेघ ओढून सही करीत. नीट बांधलेल्या यंत्रणेत मूळ नोंद, दुरुस्ती, वेळ आणि नाव, चारही मागे राहतात. मात्र मैत्रिणीचा परवलीचा शब्द वापरला, तर गोळी दिली एकीने आणि नाव दुसरीचे!