पाने दाबावीत, पण कोंडू नयेत

माघ-फाल्गुनात भोपाळमध्ये पानगळ सुरू झाली की पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा भागातील भेलच्या क्वार्टर्सच्या अंगणांत रोज सकाळी पानांचा ढीग जमतो. सागाचे एकेक पान पत्रावळीएवढे. कडुनिंबाची पाने बारीक, पण अगणित. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू लागलो की दोन-तीन पाट्यांतच पिशवी गच्च भरते. उचलून पाहावी तर वजन काहीच नाही. कारण उघड आहे. पिशवीत पाने थोडी आणि हवाच फार असते.

यावर हल्ली एक युक्ती सांगितली जाते. पिशवीच्या तोंडात घरातील व्हॅक्यूम क्लीनरची नळी घालायची, तोंड हाताने आवळून धरायचे आणि यंत्र सुरू करायचे. आतील हवा ओढली जाते, बाहेरच्या हवेचा दाब पिशवीवर पडतो आणि फुगलेली पिशवी गाठोड्यासारखी आकसते. गाद्या-रजया ठेवण्यासाठी ही रीत ठीक आहे. पानांसाठी ती घ्यावी काय, याचा थोडा विचार करू.

प्रथम दाबाचा हिशेब पाहू. घरगुती यंत्र चांगले असले तरी त्याच्या ओढीने पिशवीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 200 ग्रॅम एवढाच दाब पडतो. उलट 60 किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर त्याच्या तळव्याखाली दर चौरस सेंटिमीटरला 400 ग्रॅमच्या आसपास दाब येतो. म्हणजे पायात जोडा घालून पोत्यातील पाने तुडवली, तर यंत्रापेक्षा दुप्पट काम होते आणि विजेचा खर्च नाही. शिवाय प्लॅस्टिकला काडीने एक भोक पडले की हवा पुन्हा आत शिरते व पिशवी पुन्हा फुगते.

दुसरी गोष्ट आरोग्याची. अंगणातील पाने वरून कोरडी दिसली तरी तळाशी ओलसर व बुरशी धरलेली असतात. ओल यंत्रात गेली तर मोटार बिघडते आणि विजेचा धक्का बसण्याचेही भय असते. बुरशीची बीजे इतकी सूक्ष्म की साध्या यंत्राच्या कापडी पिशवीतून ती पार होतात व मागच्या बाजूने घरभर उडतात. ज्या घरात दम्याचा रोगी आहे, तेथे तर हा प्रयोग मुळीच करू नये.

तिसरी गोष्ट शेतीची, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. हवा काढून घेतलेले ओले पान खत होत नाही. ते आंबते व त्याला घाण वास येतो. पानाचे खत करणाऱ्या जिवाणूंना श्वास लागतो. हे आपल्या शेजारच्या इंदूरनेच जगाला शिकवले. तेथील कृषी संस्थेत 1924 ते 1931 या काळात सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली. 1931 साली तिच्यावर पुस्तक निघाले, तेव्हा हॉवर्ड यांच्याबरोबर लेखक म्हणून यशवंत वाड यांचेही नाव होते. त्यांचे खड्डे 30 फूट लांब व 14 फूट रुंद असत, पण खोली मात्र अवघी 2 फूट. खोल खड्ड्यात तळाला हवा पोहोचत नाही, हे त्याचे कारण. ढीग तीनदा खाली-वर करीत व सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई.

घरच्या अंगणात हेच लहान प्रमाणावर करता येते. कृती अशी:

1. पाने गोणपाटाच्या पोत्यात भरून पायाने तुडवावीत. चुरा झाला की ती कमी जागेत मावतात आणि लवकर कुजतातही. सागाची पाने चिवट असतात, ती कोयत्याने तोडून घ्यावीत. हे करताना नाका-तोंडावर फडके बांधावे आणि ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने विंचू-सापाची खात्री करावी.

2. तीन फूट लांब-रुंद व दोन फूट खोल खड्डा घ्यावा. अर्धा फूट पाने, त्यावर घमेलेभर शेणकाला, मग मूठ-मूठ माती, असे थर द्यावेत.

3. ओल बेताची असावी. मूठभर माल पिळला तर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. उन्हाळ्यात वर गोणपाट झाकून पाणी शिंपडावे.

4. दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी व दोन महिन्यांनी ढीग खाली-वर करावा. लहान ढिगाला तीनऐवजी चार-सहा महिने लागले तरी घाबरू नये.

5. पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत खड्ड्यात पाणी तुंबते. तेव्हा ढीग जमिनीच्या वरच रचावा.

पाने जाळणे हा काहींना सर्वांत सोपा उपाय वाटतो. पण या शहरात तरी तो करू नये. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या रात्रीच्या विषारी वायूने ज्यांची फुप्फुसे कायमची दुबळी झाली, असे लोक आपल्या शेजारी राहतात. ओल्या पानांचा धूर खाली रेंगाळतो. त्यातील सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड त्यांना, तान्ह्या मुलांना आणि वृद्धांना फार त्रास देतात. आपल्या अंगणातली काडी शेजाऱ्याची रात्र जागवते. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये बंदी घालून 5,000 रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000. पण दंडाच्या भीतीपेक्षा शेजारधर्म मोठा मानावा.

पानगळ आणि प्रायश्चित्तकाळ आपल्याकडे बहुधा एकत्रच येतात. राखेच्या बुधवारसाठी गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख केली जाते. तेवढी राख आपल्याला पुरे. बाकीची पाने मातीला द्यावीत. या काळात प्रत्येक कुटुंबाने एक खड्डा भरला, तर पावसाळ्याच्या तोंडाशी भाजीच्या वाफ्यांना घरचे खत मिळेल. ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनी शेजाऱ्याचा खड्डा भरू लागावा, आणि शेजाऱ्याने पहिल्या दोडक्यांत त्यांचा वाटा ठेवावा.