रुईच्या गाठीचा माग

खामगाव, मलकापूर, नांदुरा हा बुलढाणा जिल्ह्यातला कापसाचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे इथल्या जिनिंग-प्रेसिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्या लागतात. सेंद्रिय कापसाची खरी परीक्षा याच काट्यावर होते. शिवारात ज्याचा त्याचा कापूस वेगळा असतो. जिनच्या आवारात दोन ढीग एक झाले, की सेंद्रिय कोणता आणि साधा कोणता हे नजरेला कळत नाही.

सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून चालू आहे. मालाचा माग राहावा म्हणून ‘अपेडा’ने, म्हणजे केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात विकास प्राधिकरणाने, २०१० मध्ये ‘ट्रेसनेट’ ही ऑनलाइन प्रणाली आणली. शेतकरी गट, क्षेत्र, अपेक्षित उत्पादन आणि विक्रीची प्रमाणपत्रे तिच्यात नोंदली जातात. पुढची कडी जिनवाल्याने जोडायची असते, आणि तिथे साधा हिशेब फार उपयोगी पडतो. १०० किलो कापसाला रुईचा उतारा साधारण ३४ किलो. बाकी सरकी आणि थोडी घट. एका गाठीत १७० किलोंच्या आसपास रुई बसते. म्हणजे ५० क्विंटल कापसाच्या साधारण १० गाठी होतात. बारावी गाठ निघाली, तर तिच्यातला कापूस कुठला, हे विचारलेच पाहिजे.

प्रमाणपत्रावरच्या नुसत्या क्यूआर कोडवर मात्र भिस्त ठेवता येत नाही. २०२० मध्ये भारतात सुमारे २०,००० टन कापसाची बनावट सेंद्रिय प्रमाणपत्रे उघडकीला आली. त्यांवरचे कोड सरकारी संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेकडे नेत होते. गाडी काट्यावर असतानाच वजन, ओलावा आणि लॉट क्रमांक मोबाइलवर चढला, तर मागाहून आकडे जुळवायला वाव उरत नाही. लहान कारखान्याला एवढे सहज परवडते.

अशीच नोंद यंत्राच्या कामीही येते. जिनच्या चामडी रोलरमधून क्रोमची बारीक पूड झडते. ती रुईत मिसळते आणि कामगारांच्या श्वासात जाते. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे ‘सिरकॉट’ने, क्रोमविरहित रोलर विकसित केले आहेत. ते बसवावेत का, हा लहान कारखानदारासाठी खर्चाचा प्रश्न आहे. गाठीमागे किती युनिट वीज लागली, उतारा किती पडला, रोलर किती तास टिकला, हे लॉटनिहाय नोंदलेले असेल, तर एका जिनवर नवा रोलर आणि शेजारच्या जिनवर जुना ठेवून एकाच हंगामात त्याचे उत्तर मिळते.