कीर्तनाची अंगे आणि सभेतील भाषण

भाषणाची रचना कशी असावी, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा पाश्चात्त्य वक्तृत्वशास्त्रात शोधतो. ॲरिस्टॉटलने विधान आणि त्याची सिद्धता ही भाषणाची दोनच अंगे अनिवार्य मानली. सिसरोने आपल्या आरंभीच्या ग्रंथात सहा अंगे सांगितली. परंतु अकोल्याच्या मोर्णेकाठच्या जुन्या शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याच्या कानांवरून रचनेचा एक सुघटित नमुना बहुधा आधीच गेलेला असतो. तो नमुना म्हणजे कीर्तन.

नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असतात. नमनानंतर कीर्तनकार एखादा अभंग वा पद घेतो. हे मूळपद होय. पूर्वरंगात त्याचे निरूपण होते आणि श्रोत्याच्या मनातील शंका उपस्थित करून तिचे निरसनही तेथेच केले जाते. नामगजरानंतर उत्तररंगात आख्यान येते व अखेरीस कीर्तनकार मूळपदाशी परततो.

न्यायशास्त्राच्या दृष्टीने पाहता या क्रमात परार्थानुमानाचे पाच अवयव आढळतात. मूळपद ही प्रतिज्ञा, निरूपण हा हेतू, आख्यान हे उदाहरण आणि अखेरचे परतणे हे निगमन. उदाहरण व निगमन यांमध्ये उपनय असतो. उदाहरणात दिसलेला नियम प्रस्तुत विषयाला लावून दाखविणे, हे त्याचे कार्य. सभेतील पुष्कळ भाषणे नेमकी येथेच ढासळतात. गोष्ट रंगते, टाळ्याही पडतात. परंतु गोष्टीचा विषयाशी संबंध जोडला न गेल्याने श्रोता घरी गोष्ट घेऊन जातो, विचार मागेच राहतो.

तथापि कीर्तन व सभा यांत एक मूलभूत भेद आहे. कीर्तनाच्या श्रोत्याला संतवचनाचे प्रामाण्य आधीच मान्य असते. सभेत प्रतिज्ञाच वादग्रस्त असते. या अडचणीतून मार्ग कसा काढावा, हे वऱ्हाडातीलच गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनात पाहावयास मिळते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव हे त्यांचे जन्मग्राम. बालपण गेले ते मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास, मामांच्या घरी. पशुहत्या, कर्ज, दारू, अस्पृश्यता हे त्यांचे विषय. म्हणजे श्रोत्यांच्या रूढ आचारावरच आघात करावयाचा होता. अशा ठिकाणी प्रतिज्ञा प्रथम मांडली, तर श्रोता मन मिटून घेतो. म्हणून बाबा वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारीत, उत्तरे श्रोत्यांकडूनच वदवून घेत आणि त्या उत्तरांतून प्रतिज्ञा निष्पन्न करीत. अवयव तेच राहिले, क्रम तेवढा पालटला. हेतू श्रोत्याच्याच मुखातून आल्यामुळे निगमन नाकारणे त्याला कठीण जाई.

यावरून वक्त्याने तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. आपली प्रतिज्ञा एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर भाषणाची सिद्धता अद्याप झालेली नाही. ज्या उदाहरणाचा उपनय करता येत नाही, ते कितीही रंजक असले तरी टाकावे. आणि श्रोता अनुकूल असेल तर प्रतिज्ञेने, प्रतिकूल असेल तर प्रश्नाने आरंभ करावा. अंगांची संख्या शास्त्र सांगते. त्यांचा क्रम मात्र समोर बसलेला श्रोता ठरवितो.